माहेरपण आणि ब्रॉडवे : घरच्यांना घेऊन नाटकाला जायचं तर

जर्सीची_माहेरवाशीण

माझं माहेर एडिसन, न्यू जर्सी. बाबांच्या नोकरीमुळे मी सातवीत असताना आम्ही तिकडे गेलो, पुढे लग्न होऊन मी पुण्यात आले आणि आईबाबा तिथेच राहिले, त्यामुळे बाकीच्या मैत्रिणी माहेरी कऱ्हाड-साताऱ्याला जातात आणि मी न्यूअर्कला उतरते. माहेरपणाचा कार्यक्रम ठरलेला असतो, ओक ट्री रोडवर भाजी-किराणा, आईच्या मैत्रिणींकडे जेवणं, आणि एक ब्रॉडवे शो, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या थिएटरांतलं व्यावसायिक नाटक. तोही एकटीने नाही, अख्खं खटलं घेऊन. ह्या वेळी खटल्यात होते आईबाबा, नवरा, आठ वर्षांची लेक, साबा (सासूबाई) आणि मिरजेहून पहिल्यांदाच अमेरिकेत आलेली माझी आत्या. आत्या नाट्यसंगीताची दर्दी आहे आणि मिरजेची आहे, त्यामुळे सुराच्या बाबतीत कुणालाही माफी नाही.

कुठलं नाटक बघायचं ह्यावर घरात आठवडाभर चर्चासत्र. नवऱ्याला गाणी नसलेलं गंभीर नाटक हवं होतं. बाबांना हॅमिल्टन, म्हणजे अलेक्झांडर हॅमिल्टन ह्या जुन्या अमेरिकन पुढाऱ्यावरचं संगीत नाटक, कारण हॅमिल्टन आणि त्याचा वैरी ॲरन बर यांचं ते १८०४ चं द्वंद्वयुद्ध वीहॉकनला झालं आणि वीहॉकन आपल्या जर्सीत येतं, हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात, पाहुण्याने विचारलेलं नसलं तरी. लेकीला लायन किंग. आईचं म्हणणं एकच, वन्संना इंग्रजी फारसं समजत नाही, अडीच तास बिचाऱ्या नुसत्या बसून राहतील, त्यापेक्षा त्यांना नायगारा दाखवा.

ह्यावर माझं मत पक्कं आहे आणि धागा त्यासाठीच काढलाय. घरच्या ज्येष्ठांना ब्रॉडवे झेपत नाही हे मला मान्य नाही. गोष्ट आधी सांगून ठेवा, सगळी, शेवटासकट, आणि मग बघा ती मंडळी कशी रंगतात.

शेवटी लायन किंग ठरलं. मेट्रोपार्कहून ट्रेन पकडली आणि सेकॉकस येईपर्यंत मी आत्याला गोष्ट सांगितली. अर्ध्यावरच तिने थांबवलं. "म्हणजे काकाने भावाला मारलं, पुतण्याला वनवासात घालवलं, आता तो मोठा होऊन राज्य परत घेणार. कळलं. आता म्हणतात कसं ते बघू." साबांचा प्रश्न वेगळा होता, काकाची बायको काय करत होती? ह्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाहीये.

आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घेतली होती. बाहेरचं खाणं थिएटरात नेऊ देत नाहीत, म्हणून ब्रायंट पार्कमधे हिरव्या खुर्च्या गोल मांडून आम्ही जेवलो आणि शेजारी बसलेल्या एका आजींना आईने दशमी दिली, त्यांनी आवडीने खाल्ली आणि चटणी परत मागितली. मग मिन्स्कॉफ थिएटर. हे १९७३ चं, ब्रॉडवेच्या मानाने नवं म्हणायचं, सभागृह वरच्या मजल्यावर आहे पण जायला सरकते जिने आहेत त्यामुळे गुडघेवाली मंडळी खूश. लॉबीच्या काचेतून खाली टाईम्स स्क्वेअर दिसतो. तिकिटं मी मुद्दाम खालची आणि मधल्या वाटेला लागून घेतली होती. महाग पडली. पण ह्या शोला तीच घ्या, का ते सांगते.

पडदा उघडतो आणि पहिली आरोळी येते ती झुलू भाषेत! पुढे एकेका दृश्यात आफ्रिकेतल्या भाषा येत राहतात. म्हणजे भाषा न कळण्याच्या बाबतीत पहिल्या मिनिटाला सतराशे प्रेक्षक आणि माझी आत्या एका पातळीवर. मग प्राणी यायला लागतात, जिराफ म्हणजे हातापायांना उंच काठ्या लावलेली माणसं, हरणं म्हणजे हाताला आणि डोक्याला हरणं लावून उडी घेणारे नर्तक, मुखवटे तोंडावर नाहीत तर डोक्याच्या वर, त्यामुळे प्राणी आणि माणूस दोन्ही एकदम दिसतात. ही कल्पना दिग्दर्शिका ज्युली टेमरची, ती तरुणपणी इंडोनेशियात राहून मुखवट्यांची आणि बाहुल्यांची नाटकं शिकलेली. आणि हे सगळं नुसतं स्टेजवर नाही, प्रेक्षकांमधून येतं. आमच्या रांगेला लागून हत्ती गेला. साबांनी हात जोडले. त्यांच्या पलीकडे बसलेल्या माणसाने साबांकडे बघून हात जोडले. मग त्याच्या मुलाने पण जोडले.

बाबा तेवढ्यात खुर्च्या मोजत होते. खुर्च्या गुणिले सरासरी तिकीट गुणिले आठवड्याचे आठ प्रयोग, असा आठवड्याचा गल्ला त्यांनी माझ्या कानात सांगितला, भर गाण्यात.

आणि आत्या. दुसऱ्या अंकात एक समूहगान आहे, त्यात रफीकीचं, म्हणजे त्या जाणत्या माकडाचं, काम करणारी बाई असा काही सूर लावते की अंगावर काटा येतो. गाणं संपलं, टाळ्या झाल्या आणि टाळ्या विरायच्या आत आत्याने खणखणीत आवाजात "वन्स मोअर!" दिला. पुढच्या दोन रांगा वळल्या, हसल्या, आणि पुन्हा टाळ्या सुरू केल्या. वन्स मोअर काही मिळाला नाही. आत्याला हे अजिबात पटलेलं नाही. "इतकं चांगलं म्हटलंन, लोकांनी मागितलं, आणि पुन्हा म्हणायचं नाही? मग मागायला लोक आलेत कशाला?"

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. बायकांची रांग कुठपर्यंत जाते ते गेलेल्यांना माहीत असेलच, पण तिथे उभ्या असलेल्या कर्मचारी बाईची शिस्त बघण्यासारखी होती, "डावीकडे चला, आत चला, बोलत थांबू नका", आत्या म्हणाली हिला आमच्या दत्तजयंतीच्या पंगतीला बोलवा. बाबांनी कॉफी घेतली, ती झाकणवाल्या प्लास्टिकच्या पेल्यात मिळते, वर नाटकाचं नाव, आत घेऊन जाता येतो. कॉफीपेक्षा पेल्याचेच पैसे जास्त असणार. आता आमच्या एडिसनच्या घरी बाबा रोज त्यातून ताक पितात.

तुम्ही तुमच्या मंडळींना काय दाखवलंत, कसं दाखवलंत, लिहा.

---

कृष्णाकाठची_कोकिळा

आत्यांना साष्टांग दंडवत. वन्स मोअर मागणारी पिढी आहे तोवर नाटक जिवंत आहे. त्यांना रफीकीचा सूर कसा वाटला ते पण लिही ना, मिरजेचं मत महत्त्वाचं.

---

जर्सीची_माहेरवाशीण

@कोकिळा, शब्दशः देते : "हिच्या छातीला लावलेला तो माईक काढून घ्या, तरी शेवटच्या रांगेत ऐकू येईल." सिंबाबद्दल, म्हणजे त्या पुतण्याबद्दल, म्हणाली पोरगा दिसतो छान पण वरच्या सुरात घाई करतो.

---

रात्रीचा_प्रवासी

लेख आवडला पण मूळ मुद्द्याशी असहमत. शेवटासकट गोष्ट सांगायची म्हणजे नाटकातला जीवच काढून घेतला. मी माझ्या वडिलांना विकेडला (विझर्ड ऑफ ऑझमधल्या चेटकिणीच्या बाजूने सांगितलेली गोष्ट) नेलं होतं, मुद्दाम काही सांगितलं नाही, मध्यंतराच्या आधी ती हिरवी मुलगी हवेत वर जाते तेव्हा ते खुर्चीतून अर्धे उठले. आधी सांगितलं असतं तर उठले असते का?

---

जर्सीची_माहेरवाशीण

उठले असते! ती वर जाणार हे माहीत असलेले लोकच तिथे जास्त ओरडत असतात, विकेड २००३ पासून गर्श्विन थिएटरात चालू आहे, परत परत येणारे कितीतरी आहेत. आणि आपल्याकडचंच बघा ना, १८८० मधे किर्लोस्करांनी पुण्यात शाकुंतल केलं तेव्हा शकुंतलेचं पुढे काय होतं हे कुणाला माहीत नव्हतं? सगळ्यांना पाठ होतं. लोक पदं ऐकायला यायचे, कोण कसं गातंय, कुठली जागा घेतंय, त्यासाठी रात्र रात्र बसायचे. सौभद्र तर अजून बघतात, सुभद्रेचं लग्न कुणाशी होणार ह्याची उत्सुकता म्हणून नाही. उत्सुकता बाजूला झाली की माणूस कान आणि डोळे उघडून बसतो, नाहीतर अर्धं लक्ष "हा कोण, तो काय म्हणाला" ह्यात जातं आणि शेजारच्याचंही डोकं खातो.

हॅमिल्टनमधे तर पहिल्याच गाण्यात बर उभा राहून सांगतो की ह्याला मीच गोळी घातली. नाटककारालाच लपवायचं नाहीये, आपण कशाला लपवायचं?

बाय द वे विकेडची गोष्ट बाबांनी आईला एका वाक्यात सांगितली होती, "रामायण, पण शूर्पणखेच्या बाजूने". आई पूर्ण नाटक डोळे पुसत बघत होती.

---

चाळीतली_खिडकी

गोष्ट आधी माहीत असण्याच्या मुद्द्याला जोरदार +१ आणि माझा पुरावा. माझ्या सासूबाईंनी ती फुलराणी इतक्या वेळा बघितलंय की संवाद तोंडपाठ आहेत. २०१८ मधे माय फेअर लेडी पुन्हा आलं होतं लिंकन सेंटरला, बोमाँट थिएटरात, तिकडे त्यांना घेऊन गेलो. दोन्हींचं मूळ एकच, बर्नार्ड शॉचं पिग्मॅलियन, पुलंनी आपल्याकडे १९७५ ला आणलं. सासूबाईंना इंग्रजी बेताचंच येतं पण एलायझा तोंड उघडायच्या आधी त्या मला मराठीत पुढचं वाक्य सांगत होत्या, हळू आवाजात, आणि दर वेळी बरोबर! घरी येऊन त्यांनी भक्ती बर्वेंच्या बाजूने निकाल दिला आणि त्यावर चर्चा बंद.

एक माहिती, ब्रॉडवेच्या ४१ थिएटरांतलं बोमाँट एकटंच असं आहे जे टाईम्स स्क्वेअरच्या आसपास नाही, पार ६५व्या रस्त्यावर आहे. ज्येष्ठांना घेऊन जायला फार बरं, गर्दी नाही, बाहेर कारंजं आहे, बसायला जागा आहे.

---

हडसनकाठ

दराबद्दल कुणीच बोलत नाहीये. सरासरी तिकीट शंभर डॉलरच्या वर गेलंय, सहा-सात जणांचं खटलं म्हणजे पुण्या-मुंबईकडच्या माणसाला घाम फुटेल. मी जर्सी सिटीत राहतो आणि पाहुण्यांचा अखंड ओघ असतो म्हणून अनुभवाने सांगतो.

डफी स्क्वेअरला ४७व्या रस्त्यावर लाल पायऱ्या आहेत, त्यांच्या खाली टीकेटीएसची खिडकी, १९७३ पासून चालू आहे. त्या दिवसाची उरलेली तिकिटं २० ते ५० टक्के सवलतीत मिळतात. जास्त मागणीचे शो तिथे सहसा येत नाहीत. रांग मोठी दिसली तर घाबरू नका, नुसत्या गद्य नाटकांसाठी वेगळी खिडकी असते, तिथे पटकन नंबर लागतो, माहेरवाशीणबाईंच्या यजमानांना सांगा.

स्वस्त तिकिटांची लॉटरी लावत जा. हॅमिल्टनची दहा डॉलरवाली प्रसिद्धच आहे, दहाच का, तर दहाच्या नोटेवर त्याचंच चित्र आहे. जानेवारीच्या सुमाराला आणि सप्टेंबरात ब्रॉडवे वीक असतो तेव्हा बऱ्याच शोंची एकावर एक फुकट तिकिटं मिळतात, माहेरपण त्या बेताने ठरवता आलं तर बघा. आणि शक्य असेल तर सरळ थिएटरच्या खिडकीवर जाऊन तिकीट काढा, ऑनलाईन लागणारी वरची फी वाचते, सहा तिकिटांवर तेवढ्यात सगळ्यांचा पिझ्झा होतो.

रस्त्यावर कुणी हातात कागद घेऊन "स्वस्तात देतो" म्हणत आला तर थांबू नका. माझ्या चुलतभावाने एकाकडून तिकिटं घेतली, दारावर मशीनने लाल दिवा दाखवला आणि वहिनींनी त्याला तिथेच फुटपाथवर जे ऐकवलं तो प्रयोग फुकटात झाला, गर्दी पण जमली होती.

---

विंगेतला_माणूस

मी पुण्यात हौशी रंगभूमीवर बॅकस्टेज करतो, तिकडे बहिणीकडे गेलो की स्टेज कमी आणि विंग जास्त बघत बसतो. आत्यांच्या वन्स मोअरबद्दल लिहितो. तिथे ते का होत नाही तर सगळं क्यूवर, म्हणजे ठरलेल्या इशाऱ्यांवर, बांधलेलं असतं. स्टेज मॅनेजर हेडसेटवर प्रत्येक दिवा, प्रत्येक सेट, प्रत्येक आवाज बोलून सोडतो, गाणं संपलं की पुढचा सेट आधीच निघालेला असतो, वरून काहीतरी खाली येत असतं. त्या क्षणी कुणी परत गायला लागलं तर डोक्यावर काहीतरी पडेल. आणि बुधवारी-शनिवारी बहुतेकांचे दोन दोन प्रयोग असतात, आठवड्याला आठ, वरचा सूर दोनदा लावायचा तर रविवारपर्यंत गळा राहणार नाही. आत्यांना माझ्यातर्फे एवढं सांगा, नाराज होऊ नका म्हणावं.

अजून एक. प्लेबिल नावाची जी पुस्तिका फुकट देतात त्यातून कधी कधी एक चिठ्ठी पडते, आजच्या प्रयोगात अमक्याच्या जागी तमका. पाहुणे मंडळी ती बघून हळहळतात, एवढे डॉलर दिले आणि बदली माणूस! अजिबात हळहळू नका. त्यात स्विंग नावाचे लोक असतात, एकेक जण पाच-सात, कधी दहा भूमिका तयार ठेवतो, कुठल्या क्षणी कोण कुठून कुठे जातो ते सगळं डोक्यात, आणि दुपारी फोन येतो की आज तू. २०२१ च्या डिसेंबरात कोविडने अर्धी अर्धी कंपनी आजारी पडत होती तेव्हा ह्याच लोकांनी ब्रॉडवे चालू ठेवलं. द म्युझिक मॅनमधे नायिका आजारी पडली, कॅथी वॉइट्को नावाची स्विंग ऐनवेळी उभी राहिली आणि शेवटी ह्यू जॅकमनने सगळ्या प्रेक्षकांसमोर तिचं आणि सगळ्या स्विंगचं कौतुक केलं. ती क्लिप बघून मी रडलोय. आपल्याकडे ऐनवेळी उभं राहून प्रयोग वाचवणारी माणसं आहेतच, त्यांचं नाव पाटीवर पण लागत नाही.

---

कृष्णाकाठची_कोकिळा

@विंगेतला_माणूस फार छान प्रतिसाद. हे माहीत नव्हतं. चिठ्ठी पडली की मी पण तोंड वाकडं करायचे, आता उलट जोरात टाळ्या वाजवणार.

---

बाल्कनीवाला

सीटबद्दल जरा. लायन किंगला खालची वाटेलगतची सीट हे अगदी बरोबर, पण सगळीकडे तसं नाही. बरीच थिएटरं शंभर वर्षं जुनी आहेत, लायसियम आणि न्यू ॲम्स्टरडॅम तर १९०३ ची. सुंदर आहेत, छताकडे बघतच राहावं, पण त्या काळच्या माणसांचे पाय बहुतेक आखूड असावेत, आमच्या काकांचे गुडघे पुढच्या बाईंच्या पाठीला लागत होते, त्या दोनदा वळल्या आणि काका दोनदा "सॉरी सिस्टर" म्हणाले. वरच्या मजल्यांना बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही आणि बाल्कनीचे जिने म्हणजे सिंहगड. तेव्हा तिकीट काढताना जिन्यांची चौकशी आधी करा. ज्यांना नाच आणि रचना बघायची आहे त्यांनी मेझनिनच्या (पहिल्या बाल्कनीच्या) पुढच्या रांगा घ्या, हॅमिल्टनमधलं फिरतं स्टेज वरूनच खरं कळतं, खालून नुसती माणसं सरकताना दिसतात.

थिएटरात एसी कडक असतो. उन्हाळ्यात सुद्धा शाल पाहिजेच.

---

रात्रीचा_प्रवासी

ओके, फुलराणीचा पुरावा मोठा आहे, अर्धी माघार घेतो. पण अर्धीच. ज्येष्ठांना गोष्ट सांगा, मला सांगू नका.

बाबांना पुढच्या खेपेला हॅमिल्टन दाखवा, तो माणूस वीहॉकनसाठी थांबलाय.

---

जर्सीची_माहेरवाशीण

@रात्रीचा_प्रवासी, मान्य, तह झाला. आणि बाबांचं ठरलंय, लॉटरीत रोज नाव घालतायत, सकाळी चहाच्या आधी. वीहॉकनला पण आम्हाला घेऊन गेले होते, वर टेकडीवर हॅमिल्टनचा अर्धपुतळा आहे, समोर नदीपलीकडे अख्खं मॅनहॅटन, तिथे उभं राहून त्यांनी द्वंद्वयुद्ध करून दाखवलं, बर ते स्वतः आणि हॅमिल्टन माझा नवरा. नवरा नाईलाजाने पडला. लेकीने दोनदा परत करायला लावलं, तिथे मात्र वन्स मोअर मिळाला.

@विंगेतला_माणूस, तुमचा प्रतिसाद आत्याला वाचून दाखवला. ती म्हणाली गळ्याचं कारण पटलं, सेटचं नाही पटलं, सेट थांबवता येतो.

---

नवी_आई_नवा_संसार

खूप उपयोगी धागा. आम्ही मे महिन्यात सासरकडच्यांना घेऊन जर्सीला दिरांकडे जातोय, बरोबर माझा साडेतीन वर्षांचा मुलगा आहे. त्याला नेता येईल का? आणि रात्रीचा शो घ्यावा की दुपारचा?

---

जर्सीची_माहेरवाशीण

साडेतीनला नको गं. बऱ्याच शोंना चार वर्षांखालच्या मुलांना घेतच नाहीत आणि घेतलं तरी मांडीवर बसवता येत नाही, पूर्ण तिकीट लागतं. दीर-जावेला विचार, एकाने त्याला ब्रायंट पार्कात खेळवा, तिथे घोड्यांचा गोल पाळणा आहे, तो खूश राहील. पुढच्या खेपेला तो मोठा होईल तेव्हा लायन किंग.

सासू-सासऱ्यांसाठी बुधवारचा दुपारचा शो घे, गर्दी जरा कमी असते आणि संध्याकाळी उजेड असताना परत येता येतं, पेन स्टेशनला पहिल्यांदा येणारे रात्री गोंधळून जातात. सोमवारी बहुतेक थिएटरं बंद असतात, तो दिवस धरू नकोस. पेन स्टेशनपासून दहा-बारा रस्ते चालायचे आहेत, सासऱ्यांना जमत नसेल तर सबवेने एकच स्टॉप आहे. आणि ट्रेनमधे बसल्या बसल्या गोष्ट सांगायला सुरुवात कर. कुठलं नाटक ठरतंय ते इथे लिही, बाबांकडून त्याची एका वाक्यातली गोष्ट घेऊन देते.